चौथी कडी

बुधवारी सकाळी साडेनऊला मी कर्वेनगरच्या घराला कुलूप लावले, ते दोनदा ओढून पाहिले आणि खडकीला निघाले. खांद्याला कापडी पिशवी होती. पिशवीत पाण्याची बाटली, दडप्या पोह्यांचा डबा, छत्री आणि जुन्या रुमालात गुंडाळलेली एक लोखंडी कडी. रेवा आणि नील, तुम्ही म्हणाल, कर्वेनगर ते खडकी हा काय प्रवास झाला? पण गेल्या दोन वर्षांत मी बँक, भाजी आणि दवाखाना यांच्यापलीकडे गेले नव्हते. तेव्हा माझ्यापुरता तो प्रवासच होता, म्हणून तो नीट क्रमाने लिहून ठेवते. बाबा तुम्हाला वाचून दाखवतील.

ही कडी आपल्या कासवाची. कासव तुम्हाला आठवत असेल. तुम्हीच त्याला ते नाव दिले होते, पाच वर्षांपूर्वी, जेव्हा तुम्ही एक अख्खी दुपार त्याच्यात लोळत काढलीत आणि खाली जेवायलासुद्धा आला नाहीत. मोटारीच्या मागे जोडून न्यायची ती दोन चाकांची पेटी आहे. मिटलेली असली की माझ्या कमरेइतकी उंच. उघडली की छपराचे दोन भाग एकमेकांना टेकून घराच्या छपरासारखे उभे राहतात, आणि आत दोन बिछाने व एक छोटा ओटा असलेली खोली तयार होते. आजोबांनी ती पंधरा वर्षांपूर्वी स्वतः बांधली. मिटवल्यावर छप्पर वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर बाहेरून चार कड्या आहेत, जुन्या ट्रंकेला असतात तशा, ओढून खाली दाबायच्या.

आजोबा गेल्यावर कासव कुठे गेले नाही. ते आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये उभे असते. पण आजोबांनी त्याच्या देखभालीची एक यादी करून दाराच्या आत चिकटवली होती. चाकांची हवा, बिजागऱ्यांना तेल, कड्यांचे स्क्रू. ती यादी मी दर महिन्याच्या एक तारखेला पाळत आले. या महिन्याच्या एक तारखेला मी मागच्या डाव्या कडीचा शेवटचा स्क्रू आवळला, कडी ओढून दाबली, आणि ती चारही स्क्रूंसकट माझ्या हातात आली. भिंतीत चार भोके उरली. त्यांच्यातून ओला भुसा खाली पडत होता.

रविवारी फोनवर मी हे तुमच्या बाबांना सांगितले. तो म्हणाला, "आई, आता कोण वापरणार आहे ते? आम्ही या वर्षी येऊ असं वाटत नाही. भंगारवाल्याला बोलाव आणि मोकळी हो."

एका कोपऱ्याने उघडे छप्पर ठेवून कासव पावसाळा काढणार नाही, हे मलाही कळत होते. मी म्हणाले, "पुढच्या रविवारपर्यंत दुरुस्त झालं तर ठेवीन. नाही झालं तर सोमवारी भंगारवाला."

"अगं, मी तसं नाही म्हणत..."

"मी म्हणते आहे," मी म्हणाले. मुदत घातल्याशिवाय माझ्या हातून काही होत नाही. छत्तीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवल्याचा हा परिणाम.

शिवाजीनगरपर्यंत बस आणि तिथून लोणावळ्याची लोकल. डब्यात मोजकी माणसे होती. खिडकीजवळ बसले, पिशवी शेजारच्या जागेवर ठेवली, आणि मग लक्षात आले की ती जागा मी राखून ठेवल्यासारखी ठेवली आहे. पिशवी मांडीवर घेतली. बसते न बसते तोच खडकी आले.

खडकीला आम्ही एकवीस वर्षे काढली. आजोबा संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते, आम्ही क्वार्टर्समध्ये (कारखान्याने कामगारांना राहायला दिलेल्या घरांत) राहायचो. कारखान्याचा भोंगा झाला की मी कुकर चढवायची. त्या दिवशी बाजारात शिरता शिरता भोंगा झाला, आणि माझा हात उगाचच पिशवीतल्या डब्याकडे गेला.

आजोबांचे सगळे नट, बोल्ट आणि खिळे ज्या दुकानातून यायचे, ते पोपटशेठचे दुकान अजून तिथेच आहे. पोपटशेठ आता फार वाकले आहेत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे पाहिले.

"वहिनी! बऱ्याच वर्षांनी वाट चुकलात?"

"चुकले नाही. पत्ता बघून आले," मी म्हणाले आणि रुमाल सोडून कडी काउंटरवर ठेवली. "ही बाहेर आली. अशीच नवी मिळेल का?"

त्यांनी कडी दोनदा उघडमीट केली, कानाजवळ नेली, आणि मला परत दिली. "नवी कशाला? ही झकास आहे. तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त टिकेल."

"मग बाहेर कशी आली?"

"ते कडीला काय विचारता? भिंतीला विचारा." मग त्यांनी स्क्रू उचलला, नखाने त्यातला भुसा खरवडला आणि तोंड वाकडे केले. "आणि हे स्क्रू माझ्या दुकानातले नाहीत."

"कशावरून?"

"साहेबांना मी कडीसाठी लाकडाचे स्क्रू दिले असते, तर त्यांनी मला माझ्याच दुकानाबाहेर उभं केलं असतं. कडी घेतली की आतून लावायची लोखंडी पट्टी आणि चार बोल्ट घेतल्याशिवाय ते पायरी उतरायचे नाहीत. घरी जाऊन डबे बघा. आहेत ना डबे अजून?"

"आहेत."

"सगळे?"

"सगळे."

त्यांनी समोरच्या टपरीकडे बघून दोन बोटे वर केली, आणि चहा आला. मी दुपारचा चहा घेत नाही, पण तो घेतला. निघताना त्यांनी सांगितले, "हडपसरला सोपान मिस्त्री आहे. टेंपोच्या बॉड्या बांधतो. असलं काम तोच करेल. माझं नाव मात्र सांगू नका, उगाच जास्त वेळ लावेल."

स्टेशनकडे परत जाताना मी वाट थोडी वाकडी करून आमच्या क्वार्टरसमोरून गेले. घर तेच आहे, दाराचा रंग बदलला आहे. समोरच्या चिंचेखाली सिमेंटचा बाक आहे, तिथे बसून मी डबा उघडला. आमच्या गॅलरीत कुणाच्या तरी लहान मुलाचे मोजे वाळत होते, एकाच आकाराच्या पाच जोड्या. खिडकीतून एका बाईने विचारले, "कोण हवंय काकू?"

"कोणी नाही. आम्ही पूर्वी इथे राहायचो."

"हो का? पाणी देऊ?"

"नको, आहे माझ्याकडे."

ती हसली आणि आत गेली. मी बाटलीतले पाणी प्यायले. हो म्हटले असते तर तिने नक्कीच आत बोलावले असते. पाच मिनिटे माझ्या जुन्या स्वयंपाकघरात उभे राहता आले असते. भरलेली बाटली घेऊन हिंडायची सवय कधी कधी अशी नडते.

संध्याकाळी घरी आल्यावर डबे काढले. बिस्किटांचे पत्र्याचे एकोणीस डबे आहेत, प्रत्येकावर आजोबांच्या अक्षरात चिठ्ठी. अकराव्या डब्यात, तेलकट कागदात, पट्टी आणि बोल्ट सापडले. चिठ्ठीवर लिहिले होते : ‘कडी ४. पट्टी १, बोल्ट ४.’ मला वाटले, जादा आणले असतील, हरवले तर असावे म्हणून. पण तुमचे आजोबा जादा काही आणत नसत, हेही मला माहीत होते. रात्री जेवताना मी तो डबा समोरच्या खुर्चीपुढे ठेवून बराच वेळ त्याच्याकडे बघत होते.

शुक्रवारी हडपसर. कासवाला ओढायला गणपतराव आले. हे आमच्या मागच्या गल्लीत राहतात. आता तिथे सगळ्या इमारती आहेत, पण त्यांच्या लहानपणी तिथे त्यांचे उसाचे शेत होते. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणून ते मला ‘बाई’ म्हणतात. पूर्वी ट्रॅक्टर चालवायचे, आता जीप आहे, आणि जीपमागे आजोबांनीच बसवून घेतलेला हूक. गणपतराव देहाने भरभक्कम आहेत. ते जीपमध्ये चढले की जीप एका अंगाला कलते.

उघडा कोपरा मी कपडे वाळत घालायच्या नायलॉनच्या दोरीने बांधला. तीन वेढे आणि दुहेरी गाठ.

गणपतरावांनी गाठ ओढून पाहिली. "बाई, ही दोरी टिकायची नाय."

"नवीन आहे."

"नवीन हाय, पन दोरी हाय," ते म्हणाले आणि जीप सुरू केली.

राजाराम पूल, दांडेकर पूल, स्वारगेट. आम्ही इतके हळू जात होतो की सायकलवाले पुढे जात होते. माझी नजर बाजूच्या आरशावर होती. पूर्वी मी हा आरसा कधी बघितला नाही. तो आजोबांचा विभाग होता. माझ्याकडे नकाशा, थर्मास आणि सोललेली संत्री. शंकरशेठ रस्त्यावर मी सवयीने संत्रे सोलले आणि अर्धे गणपतरावांना दिले. त्यांनी ते एका घासात संपवले.

फातिमानगरच्या चौकाअलीकडे दोरी सुटली. आधी एक फटका ऐकू आला, मग आरशात दिसले की छपराचा कोपरा वर उडतो आहे आणि आपटतो आहे, जणू कासवाला जांभया येत होत्या. गणपतरावांनी जीप कडेला घेतली. मागे भोंग्यांचा गोंधळ झाला. स्कूटरवरचा एक गृहस्थ, डोक्याला हेल्मेट आणि मांडीवर भाजीची पिशवी, शेजारी थांबून म्हणाला, "आजी, झाकण नीट लावा. आतलं उतू जाईल."

"आत काही नाही," मी म्हणाले.

"मग झाकण कशाला?" तो म्हणाला आणि सिग्नल सुटल्यावर निघून गेला. मी दुसरी दोरी पिशवीतून काढली. गणपतराव हसत होते, पण या वेळी गाठ त्यांनी मारली.

सोपान मिस्त्रींचे आवार सोलापूर रस्त्यावरून आत वळल्यावर, एका मोठ्या काचेच्या ऑफिसच्या इमारतीच्या पाठीमागे आहे. पुढे सगळी चकचकीत काच, आणि मागे चिंचोळ्या जागेत अर्धे बांधलेले टेंपो, लोखंडाचे कापलेले तुकडे, एक शेळी आणि पत्र्याची शेड. मिस्त्री (हाताने काम करणारा मोठा कारागीर) साधारण पंचावन्नचे असतील. बारीक, काळेसावळे, कानावर पेन्सिल. त्यांनी मला नमस्कार केला, कासवाला मात्र हात लावून एक फेरी मारली. मग दुसरी मारली.

"कुणी बांधलंय मावशी?"

"माझ्या मिस्टरांनी."

"गडी शिस्तीचा हाय."

"होते," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि गुडघ्यावर बसून भोकांमध्ये बोट घातले. भुसा काढून चोळला, हुंगला. "हे हिसक्यानं निघालेलं न्हाय. हे आवळून निघालंय. कोन आवळतं ह्ये?"

"मी. दर महिन्याला. यादीत आहे तसं."

"किती आवळता?"

"थोडंसं. पाव फेरा."

ते माझ्याकडे बघत राहिले. "दर महिन्याला पाव फेरा. किती वर्सं?"

"दोन."

"आवो मावशी, लाकूड हाय ते. लोखंडाला चालतं एक वेळ. लाकडात स्क्रू बसला की त्येला सोडून द्यायचं असतंय. तुमी त्येला फिरवून फिरवून आतलं समदं पीठ केलं, मग पीठ पानी प्यालं."

दाराच्या आतली यादी मी त्यांना दाखवायला गेले आणि ती पहिल्यांदा नीट वाचली. आजोबांनी लिहिले होते, ‘कड्यांचे स्क्रू तपासणे.’ आवळणे असे कुठेही लिहिलेले नव्हते. इतकी वर्षे मुलांना प्रश्न दोनदा वाचायला सांगणारी मी!

"म्हणजे गेलं का हे?" मी विचारले. "स्पष्ट सांगा. होणार नसेल तर सोमवारी भंगारात द्यायचं ठरलं आहे."

"भंगारात?" त्यांनी असे म्हटले की जणू मी शेळीबद्दल बोलत होते. "एका कडीपायी? थांबा जरा."

ते उरलेल्या तिन्ही कड्यांपाशी गेले, पेचकसाने टकटक केली, दारातून हात घालून आतून चाचपले, आणि परत आले. "गंमत हाय. तीन कड्यांना आरपार बोल्ट, आत पट्टी, पट्टीवर नट. त्या जल्मात निघायच्या न्हाईत, कितीबी आवळा. ही चौथी नुसती भायेरनं स्क्रूवर. असं का केलं आसंल?"

मी पिशवीतून तेलकट कागद काढून दिला. त्यांनी पट्टी आणि चार बोल्ट तळहातावर घेऊन पाहिले.

"म्हंजे सामान आनलं हुतं." त्यांनी थोडा विचार केला. "मानूस मिळाला नसंल त्या दिवशी."

"म्हणजे?"

"आरपार बोल्ट एकट्याला बसत न्हाय मावशी. भायेर एक जन फिरवनार, आत एक जन पाना धरनार. आतला नसंल तर नट नुसता गरगर फिरतो. एकट्यानं करायचं तर स्क्रूच मारावा लागतो."

मला ती दुपार आठवली. सहामाही परीक्षेचे पेपर टेबलावर होते. खालून आजोबांचा फोन आला, "दहा मिनिटं खाली येतेस? आत बसून पाना धरायचा आहे." आधीच्या रविवारी तिन्ही कड्यांना मीच आत बसले होते. मी म्हणाले, "तीस पेपर राहिले आहेत. आज मला हाक मारू नका." ते ‘बरं’ म्हणाले. अर्ध्या तासाने वर आले, हात धुतले, आणि कडी बसली असे सांगितले. मी मान वर न करता ‘छान’ म्हटले असणार.

मिस्त्रींनी कुजलेले लाकूड खरवडून काढले, सागवानाच्या चार गुल्ल्या (ठोकून बसवायचे लाकडाचे तुकडे) तासून, चिकट रसायनात बुडवून भोकांत ठोकल्या. त्या वाळायला दोन तास लागणार होते. तोवर त्यांच्या बायको जेवण घेऊन आल्या. बाजरीची भाकरी, वांग्याचे भरीत आणि ठेचा (हिरवी मिरची व लसूण कुटून केलेला तिखट प्रकार). मी माझा डबा उघडला. दोन पोळ्या आणि दुधी भोपळ्याची भाजी, एका माणसापुरती.

त्या माऊलींनी माझ्या डब्यात डोकावून पाहिले. "एवढंच? पाखराला का काय?"

माझी भाजी त्यांनी चौघांत वाटली, प्रत्येकाला एकेक चमचा, आणि माझ्या ताटलीत न विचारता अख्खी भाकरी ठेवली. मी ‘नको’ म्हणणार होते. खिडकीतली ती बाई आठवली, आणि मी भाकरी घेतली. ठेच्याने डोळ्यांतून पाणी आले. कुणाला काही सांगावे लागले नाही.

जेवणानंतर मिस्त्रींनी आरपार भोके पाडली. मग ते थांबले आणि डोके खाजवले. "आता आत मानूस पायजे. माझा गडी जत्रेला गावाला गेलाय, तो सोमवारी यील. आन छप्पर मिटलेलंच ठेवाय पायजे, न्हायतर कडी बरूबर जागी बसायची न्हाय."

सगळ्यांनी गणपतरावांकडे पाहिले. गणपतरावांनी कासवाच्या खालच्या अर्ध्या दाराकडे पाहिले, मग स्वतःच्या पोटाकडे.

"मी आत जाईन," ते म्हणाले, "पन मला भायेर काढाया छप्पर कापावं लागंल."

"सोमवारी आनता?" मिस्त्रींनी विचारले.

सोमवारी भंगारवाला येणार होता. मी चपला काढल्या, पदर खोचला आणि चष्मा डोळ्यांवर घट्ट बसवला.

"मावशी, आवो..."

"मी रोज खाली मांडी घालून बसते. पाना द्या. दहा नंबरचा ना?"

मिस्त्रींनी पाना दिला. अर्ध्या दारातून मी गुडघ्यांवर आत शिरले. मिटलेल्या कासवात बसताही येत नाही. बिछान्यावर कोपरे टेकून सरकावे लागते. आत अंधार होता आणि बंद खोलीचा वास, त्यात डासांच्या उदबत्तीचा जुना वास. हाताला तुमचा एक रंगीत खडू लागला. मोबाइलचा दिवा लावून मी मागच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत गेले. बाहेरून मिस्त्रींचा आवाज आला, "मावशी, आतलं अस्तर जरा सोडवा. पट्टी थेट लाकडाला बसली पायजे."

भिंतीला आतून रेक्झिनचे अस्तर आहे, बारीक चुका (लहान खिळे) मारलेले. मी पान्याच्या टोकाने चुका उचकटल्या आणि अस्तर खाली ओढले. मोबाइलचा उजेड लाकडावर पडला.

तिथे पेन्सिलीने आखलेली पट्टीची चौकट होती. चौकटीत चार फुल्या, जिथे बोल्ट यायचे तिथे. मिस्त्रींची भोके त्या फुल्यांवरच बरोबर आली होती. आणि चौकटीखाली, डब्यांवर असते त्याच अक्षरात, एक ओळ होती :

‘४ – बोल्ट. हिच्या सवडीने.’

"मावशी? दिसतंय का भोक?"

दिसत होते. मी पालथी पडून ती ओळ वाचत होते. त्या दिवसानंतर आम्ही कासव घेऊन किती ठिकाणी गेलो. या कोपऱ्याला डोके करून मी किती दुपारी पुस्तके वाचली. अस्तराच्या मागे, माझ्या डोक्यापासून वीतभर अंतरावर, हे लिहिलेले होते. सवड मला त्यानंतर पुष्कळ होती. निवृत्त झाल्यावर तर दिवसचे दिवस. त्यांनी पुन्हा विचारले नाही, आणि काही राहिले आहे हे मला कधी कळलेच नाही.

"मावशी! बऱ्या हायसा ना?"

"आहे," मी म्हणाले. "लावा बोल्ट."

पहिला बोल्ट आत आला. मी पट्टी घातली, वायसर घातले, नट बोटांनी फिरवला आणि पाना धरला. मग मी भिंतीवर एकदा ठोकले. आजोबांची आणि माझी ही पद्धत होती. एक ठोका म्हणजे धरले आहे, दोन ठोके म्हणजे सोड. मिस्त्रींना ती माहीत असण्याचे कारण नव्हते. पण ठोक्यासरशी बाहेर पेचकस फिरू लागला. बोल्ट माझ्या हातात ताणला गेला, पट्टी लाकडाला भिडली, आणि बाहेरून दोन ठोके आले. सगळ्याच कारागिरांची ती पद्धत असेल. मला ते आजवर माहीत नव्हते. मला ती फक्त आमची वाटत होती.

चारही बोल्ट बसले. शेवटचा बसल्यावर मी लगेच बाहेर आले नाही. बाहेर गणपतराव म्हणत होते, "बाई अडकल्या का काय?" आणि मिस्त्री म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. येतील."

बाहेर आल्यावर मिस्त्रींनी मला कडी लावायला सांगितली. ओढली, दाबली. खट् असा आवाज आला, उरलेल्या तिघींसारखाच. "आता कितीबी आवळा," ते म्हणाले.

"आता हातसुद्धा लावणार नाही."

"तपासा की. यादीत हाय ना?"

परतीच्या वाटेवर ऊन उतरले होते. फातिमानगरला मी आरशात पाहिले, स्वारगेटला पाहिले, राजाराम पुलावर पाहिले. छप्पर जागचे हलले नाही. या वेळी कुणी काही बोलले नाही, आणि खरे सांगायचे तर मला त्या स्कूटरवाल्याची आठवण झाली. पार्किंगमध्ये कासव जागेवर लावून गणपतराव गेले. मी जिना चढले, कुलूप काढले, दिवा लावला. सकाळी ठेवले होते तसेच सगळे जागच्या जागी होते. घरात एकच माणूस राहत असले की कुठलीच वस्तू हलत नाही.

रविवारी तुमच्या बाबांचा फोन यायच्या आधी मी नेहमीप्रमाणे कागदावर प्रश्न लिहून काढले. बाबांना हे माहीत नाही, पण माझ्या प्रत्येक रविवारच्या कागदावर पहिला प्रश्न एकच असतो, ‘कधी येणार? तारीख.’ दोन वर्षे मी तो न चुकता विचारत आले आहे. अलीकडे तो विचारला की तुमचे बाबा, "आई, आवाज तुटतोय," म्हणतात. तो कागद हातात धरून मी विचार केला आणि पहिल्या ओळीवर काट मारली. त्या जागी लिहिणार होते, ‘सवडीने या.’ तेही लिहिले नाही. सवडीवर सोडलेल्या गोष्टीचे काय होते, ते मी अस्तरामागे पाहून आले आहे.

म्हणून बाबांना मी एवढेच सांगितले की कासव दुरुस्त झाले, भंगारवाला येणार नाही, आणि मला तुम्ही इथे हवे आहात. तारीख विचारली नाही. या वेळी आवाज तुटत नव्हता. मग त्याने विचारले, "पाना कोणी धरला?"

"मी."

"आत जाऊन?"

"मग कुठे जाऊन?"

तो हसला. खूप दिवसांनी हसला.

तुमच्यासाठी एक सूचना लिहून ठेवते. ते अस्तर मी परत ठोकले नाही, त्या कोपऱ्यात लाकूड उघडेच आहे. दहा नंबरचा पाना तिथेच एका दोरीला टांगला आहे. आत एक जण लागतो आणि बाहेर एक. एकदा ठोकले की समजायचे, धरले आहे.